तेरड्यापाशी अर्धा तास : गुलाबी रानफुले पाहू लागणाऱ्यांसाठी

सप्टेंबर महिन्यात सह्याद्रीतला कोणताही घाट चढताना रस्त्याकडेच्या दरडीवर जो गुलाबी पट्टा गाडीच्या खिडकीतून मागे पळताना दिसतो, तो बहुतेक वेळा तेरड्याचा असतो. त्याच्याकडे पाहून "काय सुरेख फुले आहेत" असे म्हणून आपण पुढे जातो, आणि घरी आल्यावर भ्रमणध्वनीत उरलेल्या चाळीस छायाचित्रांपैकी एकातही त्या फुलाला पाने कशी होती, त्यावर कोण बसले होते किंवा ते दगडातून उगवले होते की मातीतून, हे दिसत नाही. रानफुलांची आवड लागलेल्या, पण सुरुवात कोठून करावी हे न उमगलेल्या वाचकांसाठी हे मार्गदर्शन आहे.

पहिल्याच पावसाळ्यात पन्नास फुलांची नावे पाठ करण्याचा अट्टहास धरू नये. एकच गुलाबी फूल निवडावे, त्याच्यापाशी बसावे, त्याच्याकडे कोण येते ते पाहावे, आणि शेवटी त्याचे बी आपल्या परसात किंवा कुंडीत रुजवावे. एवढे एका हंगामात झाले, तर पुढच्या वर्षीची दहा फुले आपोआप कळू लागतात. या कामासाठी तेरड्याइतके सोयीचे झाड दुसरे नाही. तो भरपूर असतो, गावाच्या वेशीपर्यंत आलेला असतो, त्याच्याकडे कीटकांची वर्दळ असते, आणि भाद्रपदात गौरीच्या निमित्ताने तो घराघरांत येत असल्यामुळे त्याच्याशी आपली ओळख आधीच अर्धी झालेली असते.

पहिली पायरी : कोठे आणि कधी जावे

रानफुले म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे साताऱ्याजवळचे कास पठारच उभे राहते. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटर उंचीवर असलेले हे पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, आणि तेव्हापासून हंगामातल्या रविवारी तेथे फुलांइतकीच माणसेही दिसू लागली. कास अवश्य पाहावे. परंतु पहिली ओळख तेथे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ठरवून दिलेल्या वाटेवरून, मागच्या माणसाला वाट देत चालताना एका फुलापाशी अर्धा तास बसता येत नाही.

त्याऐवजी आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावरची जागा निवडावी. पुण्यातल्या व आसपासच्या टेकड्या, लोणावळ्याच्या परिसरातले उतार, माळशेज घाट, पन्हाळ्याजवळचे मसाई पठार, साताऱ्याजवळची चाळकेवाडी, आंबोली, रत्नागिरीकडचे जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे सपाट कातळमाळ, यांपैकी काहीही चालेल. मुंबईकरांना बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही पावसाळी फुले भेटतात. यांतले काहीच जमत नसेल, तर शेताचा बांध आणि गावाबाहेरचा ओढा पुरेसा आहे.

काळ ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरीपर्यंतचा धरावा, आणि दिवस निवडताना पावसाची उघडीप पाहावी. झड लागलेल्या दिवशी फुले दिसतील, पण मधमाश्या पोळ्यातून बाहेरच पडत नाहीत. दोन-तीन दिवस पाऊस पडून गेल्यावर जे पहिले स्वच्छ ऊन पडते, त्या सकाळी नऊ ते अकरा या वेळेत फुलांवर जी गडबड उडते, ती पाहण्यासारखी असते. इतके दिवस अडकून पडलेले सगळेच जीव एकदम कामाला लागलेले असतात.

दुसरी पायरी : सोबत काय न्यावे

दहापट मोठे दाखवणारे छोटे भिंग, वही, शिसपेन्सिल (शाईचे पेन पावसात दगा देते), बसण्यासाठी प्लॅस्टिकचा एक तुकडा आणि पाण्याची बाटली एवढे पुरते. भारी कॅमेरा नसला तरी अडत नाही.

पाय कोठे ठेवावा, हे मात्र निघण्यापूर्वीच मनाशी ठरवून घ्यावे. सड्यावर जांभ्या दगडावरचा मातीचा थर अनेक ठिकाणी काही बोटांचाच असतो, आणि त्या थरात तीन-चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मरणाऱ्या वनस्पती दाटीवाटीने राहतात. उघड्या दगडावर पाय ठेवावा, हिरव्यावर ठेवू नये. पहिल्या वर्षी मी एका तेरड्याचे छायाचित्र काढण्यासाठी गुडघे टेकले होते. उठल्यावर खाली पाहिले, तर माझ्या गुडघ्याच्या खळग्यात चिरडलेली ‘सीतेची आसवे’ या नावाची इवली रानफुले होती, सात-आठ तरी असतील. छायाचित्र चांगले आले होते, परंतु ते मी कोणाला दाखवले नाही.

तिसरी पायरी : हे फूल कोणते, हे ठरवावे

नाव ठरवण्यासाठी फुलाचा रंग हा सर्वांत कमी भरवशाचा पुरावा असतो, हे नवख्याने आरंभीच ध्यानात घ्यावे. रानातला तेरडा बहुधा गुलाबी असला, तरी त्याच रानात पांढरट आणि जांभळट फुलांची रोपेही आढळतात. म्हणून प्रत्येक अनोळखी वनस्पतीची पाच छायाचित्रे घ्यावीत : संपूर्ण रोप, खोडावरची पानांची मांडणी, समोरून फूल, बाजूने फूल, आणि असल्यास फळ. यांतले बाजूचे छायाचित्र बहुतेक जण विसरतात, आणि तेरड्यात नेमके तेच सर्वांत बोलके असते. फुलाच्या मागे, खालच्या अंगाला, एक बारीक, वाकडी, पोकळ शेपटी लोंबत असते. ती पाकळीची नसून फुलाच्या बाहेरच्या वेष्टनातल्या एका दलाची बनलेली असते, आणि मकरंद त्या शेपटीच्या टोकाशी साठतो.

आपण ज्याला सरसकट तेरडा म्हणतो, त्यात निदान तीन निरनिराळ्या वनस्पती येतात. गौरीत येणारा, गुडघ्यापर्यंत वाढणारा, रसरशीत खोडाचा तेरडा हा पहिला. त्याची पाने खोडावर एकाआड एक असतात, कडा दातेरी असतात, शेपटी लांब असते आणि बोंडावर दाट लव असते. माळावर आणि पठारावर आढळणाऱ्या दुसऱ्या तेरड्याची पाने अरुंद असतात व खोडावर समोरासमोर जोडीने येतात. तिसरा म्हणजे सड्यावर गालिचा पसरणारा, जेमतेम वीतभर उंचीचा तेरडा. शास्त्रीय नावात तो ‘लॉ’ या आडनावाने ओळखला जातो आणि उत्तर सह्याद्रीबाहेर कोठेही सापडत नाही. कासच्या गुलाबी गालिच्यांची जी छायाचित्रे आपण पाहतो, त्यांत मोठा वाटा या बुटक्या तेरड्याचा असतो.

रानात गुलाबी दिसणारे सगळेच फूल असते असेही नाही. जुलै-ऑगस्टमध्ये झाडीच्या सावलीत रानहळदीचा तुरा दिसतो आणि त्याचा गुलाबी शेंडा पाहून आपण फूल पाहिल्याच्या समाधानात पुढे जातो. तो गुलाबी भाग म्हणजे रंगलेली पाने आहेत. खरी फुले त्यांच्या खालच्या खोबणींत, पिवळी आणि लहान असतात. ओल्या कातळावर तीन पाकळ्यांचे, नखाएवढे गुलाबी फूल दिसले तर ते सोनेरिला. सड्यावरच्या चिखलात, केसांवर चिकट थेंब मिरवणारे आणि त्या थेंबांत किडे पकडून पचवणारे दवबिंदूचे रोप असते, त्याचेही फूल गुलाबीच. ते पाहण्यासाठी मात्र भिंग काढावे लागते.

दुसऱ्या बाजूला, काही गुलाबी फुले मूळची येथली नाहीत, आणि ती ‘रान’फुले वाटतात एवढ्यावरून त्यांना तेरड्याच्या पंक्तीला बसवू नये. लाजाळू, ओढ्याकाठची बेशरम, कुंपणाची गिरिपुष्प, गुलाबी-पिवळ्या झुबक्यांची घाणेरी आणि कंपाउंडवर चढणारी आइस्क्रीम वेल या सगळ्या अमेरिका खंडांतून आलेल्या आहेत. त्यांच्यावर मधमाश्या येतात हे खरे असले, तरी घाणेरी आणि बेशरम ज्या झपाट्याने जागा व्यापतात, त्याने स्थानिक वनस्पतींना उगवायला जागाच उरत नाही. जाता जाता एक गंमत सांगतो. इंग्रजी शाळेत जाणारी मुले लाजाळूलाही ‘टच-मी-नॉट’ म्हणतात आणि तेरड्यालाही. पहिली हात लावताच मिटते, दुसऱ्याचे बोंड हात लावताच फुटते. मुलांना दोन्ही एकाच दिवशी दाखवावीत, म्हणजे पुढे गोंधळ होत नाही.

गुलाबी रंगावरून एखादे फूल खाण्याजोगे आहे, असे कधीही समजू नये. ओढ्याकाठी वाढणारी गुलाबी कण्हेर अंगाअंगाने विषारी आहे, आणि कुंपणावरची सदाफुली, जिच्यातून रक्ताच्या कर्करोगावरचे औषध मिळते, तीही चघळण्याची वस्तू नाही. मुले बरोबर असतील, तर हा नियम निघतानाच सांगून ठेवावा.

चौथी पायरी : अर्धा तास बसावे

या मार्गदर्शनातली ही मुख्य पायरी आहे. बाकीच्या वगळल्या तरी चालतील, ही वगळू नये.

तेरड्याचे भरघोस फुललेले, पण वाटेपासून थोडे दूर असलेले एक झुडूप निवडावे. त्याच्यापासून दीड-दोन हातांवर, आपली सावली त्याच्यावर पडणार नाही अशा बेताने बसावे. पहिली पाच मिनिटे काहीच घडत नाही. आपल्या हालचालीने दूर गेलेले कीटक परत येण्यास तेवढा वेळ लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी बहुतेक माणसे कंटाळून उठतात.

तोवर भिंगातून फुलाच्या तोंडात पाहावे. खालच्या दोन रुंद पाकळ्या म्हणजे उतरण्याचा ओटा. आत, वरच्या अंगाला, छताला टांगल्यासारखी एक पांढरी, पिठूळ टोपी दिसली, तर ते फूल आज ‘नर’ अवस्थेत आहे. ती टोपी एकत्र चिकटलेल्या पुंकेसरांची असते. शेजारच्याच एखाद्या जुन्या फुलात ती टोपी गळून पडलेली असते आणि तिच्या जागी हिरवे, टोकदार टोक डोकावत असते. ते फूल आता ‘मादी’ अवस्थेत आलेले आहे. एकच फूल आधी पराग देते आणि नंतर पराग घेते. एका झुडपावर दोन्ही अवस्थांची फुले मोजून वहीत लिहावीत. पुस्तकात चार वेळा वाचूनही जे डोक्यात शिरत नाही, ते या मोजणीने दहा मिनिटांत शिरते.

मग पाहुणे येऊ लागतात. सातेरी मधमाशी ओट्यावर उतरते, डोके आत घालते, मकरंदासाठी पुढे रेटते आणि नेमक्या त्या वेळी तिची पाठ वरच्या पिठूळ टोपीला घासते. ती मागे सरकून बाहेर येते, तेव्हा तिच्या पाठीवर खडूची रेघ ओढल्यासारखा पांढरा पट्टा उमटलेला असतो. ही रेघ एकदा दिसली की पुढच्या प्रत्येक माशीच्या पाठीकडे आपोआप लक्ष जाते, आणि कोणती माशी नुकतीच तेरड्यातून आली आहे हे लांबूनही सांगता येते. पोटावर निळसर पट्टे असलेली, फुलापुढे क्षणभर अधांतरी थबकून मग आत शिरणारी एक एकांडी मधमाशीही तेरड्यावर हमखास येते. तिचा गुणगुणाट सातेरीपेक्षा उंच पट्टीतला असतो. लांब सोंडेची फुलपाखरे आणि तिन्हीसांजेला येणारे हॉक मॉथ जातीचे पतंग थेट शेपटीच्या टोकापर्यंत पोचू शकतात. काळा भुंगा मात्र सरळ वाटेने जाण्याच्या फंदात पडत नाही. तो शेपटीला बाहेरूनच भोक पाडतो, मकरंद पितो आणि परागाला स्पर्शही न करता निघून जातो. शेपट्यांवर अशी भोके शोधावीत. सापडली, तर तो दरोडा नोंदवून ठेवावा.

गुलाबीच रंग का, हा प्रश्न येथे बसल्या बसल्या पडतोच. मधमाशीला तांबडा रंग वेगळा असा दिसत नाही. गुलाबी फुलातून मात्र निळसर-जांभळ्या प्रकाशाचाही अंश परावर्तित होतो आणि तो तिला चांगला दिसतो. पक्ष्यांना याउलट तांबडे उत्तम दिसते. म्हणूनच पक्ष्यांच्या भरवशावर असलेली काटेसावर आणि धायटी यांची फुले लालीकडे झुकलेली असतात, आणि माश्यांच्या भरवशावरचा तेरडा गुलाबी-जांभळ्या बाजूला राहतो. हा काटेकोर नियम नव्हे, पण रानात अंदाज बांधायला उपयोगी पडतो.

फुले पाहून झाल्यावर पाने उलटून पाहावीत. पाने कुरतडलेली असतील, तर खाली जाड, शेपटीकडे शिंगासारखा काटा असलेली आणि कुशीवर डोळ्यांसारख्या ठिपक्यांची रांग असलेली अळी सापडण्याचा संभव असतो. ती एका हॉक मॉथची अळी होय. तीच परसातल्या अळूवरही दिसते. तिला काढून फेकू नये. बुलबुल आणि दयाळ यांना पिलांसाठी अळ्या लागतात, आणि अशा अळ्यांतल्या ज्या वाचतात, त्याच पुढे पतंग होऊन संध्याकाळी तेरड्याकडे परततात. फुलाच्या आडोशाला पुढचे दोन पाय फाकवून बसलेला खेकड्यासारखा कोळी दिसला, तर नशीब चांगले म्हणावे. तो जाळे विणत नाही; फुलाच्या रंगात मिसळून माशी येण्याची वाट पाहतो.

या वर्दळीचा माणसाशी संबंध कोठे येतो, हे मधपाळांना विचारावे. भर पावसाळा हा मधमाश्यांच्या दुष्काळाचा काळ असतो; मोठी झाडे फुललेली नसतात, उडायला उघडीप नसते, आणि पेट्या जगवण्यासाठी साखरेचा पाक द्यावा लागतो. अशा दिवसांत बांधावर, दरडीवर, माळावर फुललेली साधी रानफुले वसाहतीला तगवून धरतात. महाबळेश्वराजवळचे मांघर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. तेथल्या मधाचे नाव जांभूळ, हिरडा यांसारख्या झाडांमुळे झाले असले, तरी त्या झाडांच्या बहरापर्यंत माशी जिवंत राहायला हवी, आणि त्यासाठी तिला मधल्या महिन्यांतही पोट भरावे लागते. तणनाशक मारून ‘स्वच्छ’ केलेल्या बांधावर तिला काही मिळत नाही.

पाचवी पायरी : नोंद करावी

त्याच दिवशी, शक्य तर तेथेच, वहीत लिहावे : तारीख, वेळ, जागा, आभाळ कसे होते, जमीन कशी होती (दगड, दरड, बांध, सावली), आणि अर्ध्या तासात कोण किती वेळा आले. नाव माहीत नसेल, तर ‘लहान काळी माशी, पाठ पांढरी’ एवढेही चालते. छायाचित्रे आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या संकेतस्थळांवर टाकल्यास जाणकार मंडळी नाव सुचवतात. त्यांनी सुचवलेले नाव लगेच मान्य करून मोकळे होण्याऐवजी ते कोणत्या खुणेवरून सुचवले, हे विचारून घ्यावे. दुर्मीळ वनस्पती असेल, तर नेमके ठिकाण झाकून ठेवण्याची सोय वापरावी.

फूल तोडून वहीत दाबण्याचा मोह आवरावा. तेरड्याच्या पाकळीत पाण्याशिवाय फारसे काही नसते. संध्याकाळी वही उघडली, तर कागदावर केवळ जांभळट डाग असतो. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असे म्हणणाऱ्याने बहुधा ते झाडावरच ठेवले असावे, कारण तोडलेल्या तेरड्याला तीन दिवसही मिळत नाहीत.

सहावी पायरी : बी गोळा करावे

सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून बोंडे पिकू लागतात. संरक्षित जंगलातून, कास पठारावरून किंवा अन्य कोणाच्या जमिनीतून बी आणू नये. रस्त्याकडेचा, बांधावरचा किंवा ओळखीच्या शेतातला, गौरीत येणारा मोठा तेरडाच यासाठी निवडावा. सड्यावरचा बुटका तेरडा तर घरी आणण्याचा विचारही करू नये, कारण त्याला उन्हाळ्यात तापणारा आणि पावसात पाण्याखाली जाणारा तो कातळच लागतो. कुंडीत तो जगत नाही.

पिकलेले बोंड फुगीर होते आणि त्याचा हिरवा रंग फिकट पडतो. ते नुसते चिमटीत धरले, तर पाच फाका झटक्यात आत वळतात आणि बी चहूकडे उडते. हाती उरते ती वळलेली, रिकामी साल. शास्त्रज्ञांनी तेरड्याच्या प्रजातीला दिलेल्या लॅटिन नावाचा अर्थ ‘अधीर’ असाच आहे. म्हणून आधी बोंडाभोवती कागदाचा पुडा धरावा किंवा अख्खी मूठ मिटावी, आणि मगच त्याला स्पर्श करावा. मुठीच्या आत ते फुटते, तेव्हा तळहाताला एखादा किडा उसळल्यासारखे वाटते आणि पहिल्या वेळी प्रत्येक जण दचकून मूठ उघडतो. एका झुडपावरची थोडीच बोंडे घ्यावीत. बाकीची तेथेच फुटू द्यावीत.

बी सावलीत तीन-चार दिवस सुकवावे आणि कागदी पाकिटात, वर जागा व तारीख लिहून, कोरड्या ठिकाणी ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि बुरशी येते. बाजारात ‘वाइल्डफ्लॉवर मिक्स’ या नावाने मिळणारी पाकिटे घेऊ नयेत. त्यांत बहुधा परदेशी जातींचे बी असते, आणि ते माळावर उधळणे म्हणजे पुढच्या घाणेरीला आमंत्रण देणे होय. रोपवाटिकेतला गुलाबासारखा दाट पाकळ्यांचा तेरडा दिसायला देखणा असला, तरी त्या जादा पाकळ्यांनी माशीची आत शिरण्याची वाट अडते. आपल्याला एकेरी पाकळ्यांचा, शेपटीवाला तेरडाच हवा आहे.

सातवी पायरी : गौरीचा हिशेब उलटा मांडून पेरावे

ज्येष्ठागौरींचे आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठा नक्षत्रावर आणि विसर्जन मूळ नक्षत्रावर होते, आणि हे तीन दिवस साधारणपणे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या दरम्यान पडतात. कोकणात आणि घाटावरच्या अनेक घरांत गौर मुखवट्याची नसून तेरड्याचीच असते. तेरड्याची रोपे मुळासकट आणून, धुऊन, त्यांची जुडी बांधून तिची पूजा होते. ती मुळे म्हणजे गौरीची पावले, अशी समजूत आहे. पूर्वी ही रोपे परसामागच्या बांधावरून मुले आणीत. आता शहरांतल्या बाजारांत तेरड्याच्या जुड्यांचे ढीग लागतात, आणि बोंडे पिकण्याआधीच मुळासकट उपटलेली ती रोपे त्या वर्षीचे बी न टाकताच संपतात. गौर तेरड्याचीच करावी, आणि त्यासाठीचा तेरडा घरी वाढवावा.

पेरल्यापासून फूल येण्यास साधारण दोन महिने किंवा थोडे अधिक लागतात. म्हणून त्या वर्षीची गौरीची तारीख दिनदर्शिकेत पाहून, तेथून सुमारे ७० दिवस मागे मोजावे. तो दिवस बहुधा जूनच्या उत्तरार्धात किंवा जुलैच्या आरंभी पडतो, म्हणजे पावसाचे पाणी जमिनीत मुरल्यावर. वाफ्यात किंवा निदान वीतभर खोल कुंडीत निम्मी माती आणि निम्मे कुजलेले शेणखत किंवा पानखत घ्यावे. बी वर पसरून त्यावर अर्ध्या बोटापेक्षाही कमी माती भुरभुरावी. आठवड्याभरात रोपे वर येतात. बोटभर वाढल्यावर, दोन रोपांत वीतभर अंतर राहील अशी विरळणी करावी. तेरड्याला ओल हवी असते, पण साचलेले पाणी चालत नाही. खोड पाण्याने भरलेले असल्यामुळे मुळाशी पाणी तुंबले की ते बुंध्याशी सडते आणि एका रात्रीत आडवे होते. कुंडीचे भोक मोकळे आहे ना, हे दर आठवड्याला काडीने पाहावे. दुपारचे कडक ऊन नसलेली, सकाळचे तीन-चार तास ऊन मिळणारी खिडकीही पुरते.

कीटकनाशक मारू नये. पाने खाल्ली गेली, तर चौथ्या पायरीतली अळी आपल्या घरी आली, असे समजावे.

तेरडा नसलेल्या महिन्यांत काय पाहावे

गुलाबी रंग वर्षभर कोठे ना कोठे असतोच. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावरीची पाने गळून फांद्यांवर जाड, लालसर-गुलाबी फुले येतात आणि झाडाखाली उभे राहिले, तर वर एखाद्या बाजाराएवढा गलबला असतो. मैना, बुलबुल, शिंजीर, कोतवाल, पोपट, खारी आणि थंडीत येणाऱ्या, स्वतःच गुलाबी असलेल्या भोरड्या यांची तेथे एकाच वेळी गर्दी असते. गळालेली फुले जंगलात चितळ आणि भेकरे खातात. उन्हाळ्यात फुटलेल्या बोंडांतला कापूस उशांत भरतात. कोकणातल्या काही गावांत होळीसाठी सावरच तोडली जाते. गावात ती किती उरली आहे, हे होळीच्या आधी मोजून पाहायला हरकत नाही.

त्याच सुमारास डोंगरउतारावर धायटी फुलते. तिची फुले सुकवून वैद्य आसवे आणि अरिष्टे आंबवण्यासाठी वापरतात, आणि गुराखी मुले ती तोडून मागच्या टोकाने मध चोखतात. एप्रिल-मेमध्ये ताम्हण, म्हणजे आपले राज्यपुष्प, गुलाबी-जांभळे होते.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी मर्यादवेलीपासून आरंभ करावा. भरतीच्या रेषेच्या थोडे वर, वाळूवर सरपटत गेलेली, मध्ये चिरलेल्या खुरासारख्या पानांची ही वेल जवळजवळ वर्षभर गुलाबी-जांभळी, कर्ण्यासारखी फुले देते. ती सकाळी उमलतात आणि दिवस कलेपर्यंत मलूल होतात, म्हणून लवकर जावे. तिच्या नावातली मर्यादा ही समुद्राची होय. तिची मुळे वाळूची टेकाडे बांधून ठेवतात, आणि वेळास, आंजर्ले, मोरजी यांसारख्या किनाऱ्यांवर कासवे अंडी घालतात ती अशाच टिकून राहिलेल्या वाळूत. किनारा स्वच्छतेच्या मोहिमेत सहभागी झाल्यास प्लॅस्टिक उचलावे आणि वेल उपटणाऱ्याला थांबवावे. उत्साहाच्या भरात कचऱ्याबरोबर वेलही ओढून काढलेली मी पाहिली आहे.

गौरी गेल्यानंतर

विसर्जन झाले की घरचा वाफा लगेच साफ करू नये. गौरीसाठी निम्मीच रोपे काढावीत, उरलेली ऑक्टोबरअखेरपर्यंत उभी ठेवावीत, म्हणजे त्यांची बोंडे आपापल्या वेळी फुटतात. नोव्हेंबरात वाळलेली खोडे उपटून तेथेच पसरावीत. पुढच्या जूनमध्ये बी न पेरताही रोपे उगवतील, आणि ती केवळ वाफ्यात नसतील. शेजारच्या कुंडीत, पागोळ्यांखाली, ओट्याच्या पायरीच्या सांध्यातही दिसतील. ती दोन-चार पानांची असतानाच, ढगाळ संध्याकाळी, मुळाभोवतीच्या मातीसह हलवावीत. पायरीच्या सांध्यातल्या रोपाला मात्र हात लावू नये. ते तेथून निघत नाही, तुटते.